टाकीवरून सोडलेली ज्योत

आमच्या गावात पाण्याची उंच टाकी झाली, तेव्हा ती चालवायचं काम ग्रामपंचायतीनं माझ्या वडिलांना दिलं. त्यांना आम्ही दादा म्हणतो. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून आधी वरच्या आळीला पाणी सोडायचं, मग खालच्या आळीला, मग आमच्या वस्तीला. आणि मधल्या वेळात लोखंडी शिडी चढून टाकी किती भरली ते बघून यायचं. गाव बोरी बुद्रुकच्या अलीकडचं, ऊस, कांदा आणि टोमॅटोचं. लोक 'पंचायतीची टाकी' म्हणायचे, आमच्या घरात मात्र ती 'आपली टाकी' होती. आई चिडली की म्हणायची, "तुमच्या टाकीलाच वाढा आता जेवायला."

ही नोकरी दादांना सहजासहजी मिळाली नव्हती. आमच्या माणसानं सगळ्या गावाच्या पाण्याला हात लावायचा, हे काहींच्या पचनी पडायला वेळ लागला होता. म्हणून दादा काम फार जपून करायचे. टाकीखाली पोरांना क्रिकेटसुद्धा खेळू द्यायचे नाहीत.

मी नववीत होते, नारायणगावला एसटीनं शाळेत जायचे. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्या बाकावर जी मुलगी बसायची, तिच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन पेठेत भांड्यांचं दुकान टाकलं होतं. घरातली मोठी माणसं आपसात मारवाडी बोलायची, पण हिचं मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. "काय राव" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू व्हायचं नाही. आमची मैत्री डब्यावरून झाली. तिला कांदा-लसूण चालायचा नाही आणि माझ्या डब्यात त्याशिवाय काही नसायचं, त्यामुळे आम्ही फक्त भाकरी आणि पोळी बदलून खायचो.

विज्ञानाचे सर घोडेगावकडचे. वारूळवाडीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी मोपेडवरून गावी जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अवकाशयानात माणसं तरंगतात, ती कशामुळे?"

मी हात वर केला. "सर, तिथं गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून."

"चूक," सर म्हणाले. "गुरुत्वाकर्षण असतं, चांगलं भरपूर असतं. ते यान सारखं पडत असतं, आणि आतली माणसंही त्याच्याबरोबर पडत असतात. म्हणून तरंगल्यासारखी दिसतात."

माझी मैत्रीण जागेवरूनच बोलली, "काय राव सर, पडतंय तर आपटत का नाय?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "बरोबर विचारलंस. ते पुढंही इतक्या जोरात जात असतं की पडता पडता पृथ्वीला चुकवतं. दर वेळी चुकवतं." मग म्हणाले, "पडणाऱ्या वस्तूला स्वतःचं वजन जाणवत नाही. त्यासाठी आभाळात जायला नको. मधल्या सुट्टीत या गॅलरीत."

मधल्या सुट्टीत त्यांनी प्लॅस्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडलं, पाणी भरलं आणि गॅलरीतून हात बाहेर काढला. भोकातून पाण्याची बारीक धार लागली. सरांनी बाटली सोडून दिली. बाटली खाली जात होती तेवढा वेळ धार थांबली! एक थेंब बाहेर येईना. मग बाटली फरशीवर आपटली आणि नेमके त्या वेळी खालून चाललेले मुख्याध्यापक गुडघ्यापर्यंत भिजले. त्यांनी वर पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "प्रयोग चालू आहे सर." मुख्याध्यापक धोतर झटकत म्हणाले, "मग परत करा, मला नीट दिसला नाही." त्या दिवशी बाटली किती वेळा पडली याचा हिशेब नाही.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी मेणबत्ती लावून अभ्यास करायचा, हे रोजचंच. त्या संध्याकाळी ज्योतीकडे बघताना माझ्या मनात आलं, पाणी खाली येतं ते वजनामुळे, म्हणून बाटली पडताना ते थांबलं. पण ही ज्योत तर वर जाते. ती पडली तर काय करेल?

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. ते खडू हातात धरून उभे राहिले. नंतर म्हणाले, "ज्योत वर जाते, कारण गरम हवा हलकी होऊन वर चढते. वजनच नसेल तर हलकं काय आणि जड काय? मग ती..." आणि थांबले. "मी सांगत नाही. बघू या."

'बघू या' हा त्यांचा आवडता शब्द. त्यावर माझी मैत्रीण मला म्हणाली, "झालं, आता आपले शनिवार-रविवार गेले."

अडचण अशी की पडणारी ज्योत डोळ्याला दिसत नाही. उघडी मेणबत्ती वाऱ्यानंच विझते, म्हणजे ती बंद बरणीत हवी. बरणी फुटू नये म्हणून खोक्यात हवी. आणि खोक्यात काय झालं ते बघायला खोक्यातच कॅमेरा हवा. शिवाय गॅलरीवरून पडायला लागतो निमिषभर. त्याहून उंच जागा पाहिजे. उंच जागा म्हटल्यावर मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली.

घरी विषय काढला तसे दादा जेवता जेवता थांबले. "टाकी गावाची हाय. तिथनं काय बी खाली टाकायचं न्हाई. उद्या कुनीतरी म्हनंल, ह्यानं पोरीच्या नादानं टाकी खेळायला दिली."

त्यांना कशाची भीती वाटते ते मला ठाऊक होतं.

रविवारी सर स्वतः आमच्या वस्तीवर आले. चहा घेतला, दुसरा कपही मागून घेतला. टाकीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "एक गंमत दाखवतो." आईकडून सुई आणि बाटली मागितली, बाटलीला भोक पाडलं, अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले आणि शाळेतला तोच प्रयोग करून दाखवला. दादा वाकून बघत होते. "परत सोडा," म्हणाले. सरांनी परत सोडली. "आता मी सोडतो, तुमी खाली थांबा." मग दादा ट्रॉलीवर आणि सर खाली, असं बराच वेळ चाललं. आईनं दारातून सांगितलं, "बास करा आता, अंगनात चिखुल झाला."

दादांनी हातपाय धुतले, पांढरा शर्ट घातला आणि एकटेच सरपंचबाईंकडे गेले. परत आले ते जरा ताठ चालत. "बाई म्हनल्या, पानी सोडून झालं की रईवारी टाका काय टाकायचं ते. फकस्त पोरी वर चढायच्या न्हाईत."

आता कॅमेरा. नारायणगावात लग्नाचं शूटिंग करणारे एक जण मैत्रिणीच्या दुकानाशेजारी बसायचे. सगळे त्यांना शूटिंगवालेच म्हणायचे. आम्ही दोघी सरांबरोबर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मी कॅमेरा लग्नाला देतो, बारशाला देतो, जत्रंला देतो. टाकीवरनं खाली टाकायला न्हाई देत."

"खाली पाचट टाकणार आहे," मी म्हणाले. "वर गाद्या टाकणार. काही होणार नाही."

"कशावरनं न्हाई व्हनार?"

सर म्हणाले, "आधी अंडं टाकून बघू. अंडं फुटलं नाही तर द्याल?"

तशी माझी मैत्रीण ताडकन उठली. "अंडं नाय टाकायचं. मी असल्या प्रयोगात नाय."

सरांनी कपाळावर हात मारला. शूटिंगवाले हसायला लागले. मग तेच म्हणाले, "टमाटं टाका की. पिकल्यालं, लाल. टमाटं फुटलं न्हाई तर माझा जुना हँडीकॅम घेऊन जा. झूम बिघडलाय त्याचा, बाकी ब्येस हाय."

टोमॅटोला आमच्याकडे तोटा नव्हता. पुढचे तीन-चार रविवार आम्ही टाकीवरून टोमॅटो टाकले. खाली उसाचं पाचट रचलेलं, त्यावर दोन जुन्या गाद्या. वर दादा आणि सर, खाली आम्ही दोघी आणि अर्ध्या तासात जमलेलं निम्मं गाव. पहिल्या दिवशी खोकं गादी सोडून शेजारी पडलं आणि आतून लाल पाणी वाहायला लागलं. एक म्हातारा म्हणाला, "पानी पुरत न्हाई म्हनून टाकीत सार भरलं काय रं?" दादांनी वरून ऐकलं, पण त्यांना हसू आवरलं नाही. फुटलेले टोमॅटो आई घमेल्यात गोळा करायची. त्या महिन्यात आमच्याकडे इतकी चटणी झाली की शेजारीपाजारी नको म्हणायला लागले.

खोक्याच्या आत स्पंजचे तुकडे, चिंध्या, थर्माकोल असं काय काय भरून शेवटी एक टोमॅटो अख्खा निघाला. मी तो शूटिंगवाल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, आणि चावा घेऊन खाल्ला. "न्या कॅमेरा," म्हणाले. "पन मी येनार बघायला."

बरणी मैत्रिणीच्या आईनं दिली. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. आम्ही नक्की काय करतोय ते त्यांना कळलेलं नव्हतं. "ज्योत खाली पाडायची? का गं बाई?" असं त्या दर वेळी विचारायच्या. पण बरणी देताना त्यांनी एकच अट घातली. "झाकण लावूनच दिवा लावा. उघड्या दिव्यावर किडे येतात, उगाच जीव जातात." झाकण तसंही लागणारच होतं. आम्ही लगेच कबूल झालो.

कॅमेरा मिळाल्यावर पहिल्या रविवारी खोकं दोन दोऱ्यांवर टांगलं आणि सरांनी कात्रीनं दोऱ्या कापल्या. एक आधी कापली गेली, दुसरी नंतर. खोकं गरागरा फिरत खाली आलं. कॅमेरा वाचला. कॅसेट बघितली तर ज्योत बरणीत चक्कर आल्यासारखी फिरत होती आणि मग काळोख. शूटिंगवाले म्हणाले, "ह्यात काय दिसंना, पन मला बघूनच गरगरायला लागलं."

तेव्हा सरांनी ठरवलं, सगळं एकाच गाठीला टांगायचं आणि गाठ कापायची नाही, जाळायची. जळताना झटका बसत नाही.

पुढच्या रविवारी खोकं सरळ पडलं. तेवढ्यात लाइट गेली म्हणून कॅसेट बघायला दुसरा दिवस उजाडला. मैत्रिणीच्या घरी मोठा रंगीत टीव्ही होता. वायरनं कॅमेरा टीव्हीला जोडला आणि शाळा सुटल्यावर सरांसह आम्ही बसलो. पडद्यावर पिवळी, लांब, टोकदार ज्योत. मग एकदम ती आखूड झाली, टोक गेलं. आम्ही दोघी ओरडलो. पण पुढच्याच क्षणाला तिला पुन्हा टोक फुटलं, ती लांबायला लागली, आणि खोकं आदळलं.

"म्हणजे मध्येच वजन परत आलं?" मी विचारलं.

सर पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत होते. "खोक्याला खालून हवा लागते," ते म्हणाले. "जसा वेग वाढतो तसा हवेचा रेटा वाढतो. हवा त्याला थोडं अडवते, म्हणून ते पुरतं मोकळं पडत नाही. आता ही हवा कुठं घालवायची?"

काकू आम्हाला खायला घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत, त्यामुळे त्यांना घाई. मैत्रीण ताट हातात घेऊन उभी होती, कोपऱ्यात दुकानातून आलेला डब्यांचा सेट होता, मोठ्यात मधला, मधल्यात लहान. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "काय राव, डब्यात डबा ठेवू की. वारा भायेरच्याला लागंल. आतला आपला निवांत पडंल."

सरांनी रिमोट खाली ठेवला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. ते उठले, तिच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "धन्य आहेस." ती लाजून स्वयंपाकघरात पळाली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

तिच्या वडिलांनी दुकानातली पत्र्याची धान्याची कोठी दिली. आतल्या डब्यात बरणी आणि कॅमेरा. डब्याच्या चारी बाजूंना आणि खाली मोकळी जागा. डब्याची सुतळी आणि कोठीची सुतळी वर दोराच्या टोकाला एकाच गाठीत. गाठ जळली की दोन्ही एकदम सुटणार, आणि आतला डबा कोठीला न टेकता पडत राहणार.

हे सगळं जुळवायला वर जास्त हात लागणार होते. बरणी बंद केल्यावर मेणबत्ती फार वेळ जळत नाही, म्हणून सगळं भराभर व्हायला हवं. सर कोठी धरणार, दादा दोर धरणार, मग काडी कोण लावणार? सरपंचबाई त्या दिवशी बघायला आल्या होत्या. खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चढशील का गं?"

मी मान हलवली. दादांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या कमरेला बांधला, त्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि मला पुढं घालून स्वतः मागं चढले. "खाली बगायचं न्हाई. माझ्या आवाजाकडं ध्यान दे," म्हणत होते. आणि आवाज म्हणजे काय, तर कोणत्या पायरीला गंज आहे, कोणती हलते, इथं डावा पाय दे, तिथं उजवा. एवढी वर्षं ते रोज ह्या शिडीवरून जातात हे मला ठाऊक होतं. ती किती उंच आहे हे मात्र त्या दिवशी कळलं.

वर वारा होता. लेण्याद्रीचा डोंगर दिसत होता, नदीकडची उसाची रानं, हायवेवरचे ट्रक. सरांनी मेणबत्ती पेटवली, झाकण लावलं, कॅमेरा चालू केला, डबा कोठीत उतरवला. दादांनी दोर कठड्याबाहेर सोडून घट्ट धरला. मी पोटावर झोपून हात लांब केला आणि गाठीला काडी लावली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी विझली. सर हळूच म्हणाले, "आत हवा संपत येईल." दादांनी दोर एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या काडीभोवती आडोसा म्हणून धरला. गाठ काळी पडली, लाल झाली आणि तुटली.

कोठी गादीवर पडल्याचा आवाज अख्ख्या गावानं ऐकला. खाली उतरल्यावर दादांचा तळवा बघितला, तर थोडा पोळला होता. "काय न्हाई झालं," म्हणाले आणि हात खिशात घातला.

कॅसेट बघायला या वेळी दादाही आले. मैत्रिणीच्या घरी कोचाच्या अगदी कडेला बसले होते. काकूंनी "नीट टेका ना भाऊ" म्हणून दोनदा सांगितलं, तेव्हा जरा सरकले. शूटिंगवाले, सर, आम्ही दोघी खाली सतरंजीवर. पडद्यावर पिवळी ज्योत दिसली. ती थरथरत होती, बहुधा माझ्या पहिल्या दोन काड्यांच्या वेळची. मग अचानक पिवळा रंग ओसरला. टोक आत गेलं. वातीभोवती निळा गोळा उरला, लहान, करडईच्या बोंडाएवढा, अगदी शांत. ना वर, ना खाली. आणि तो तसाच राहिला, पार आदळेपर्यंत.

काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "किती गोड दिसते गं," एवढंच म्हणाल्या.

दादा पुढे वाकले. "परत दावा."

शूटिंगवाल्यांनी परत दाखवलं. मग थांबवून दाखवलं. थांबवल्यावर पडद्यावर रेघा यायच्या आणि निळा गोळा त्या रेघांमागे थरथरायचा. दादा म्हणाले, "परत दावा." घरी येताना एसटीत ते शेजारी बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "ह्ये आपल्या टाकीवरनं झालं." तेवढंच.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जुन्नरला होतं. दादाही आमच्याबरोबर आले होते. आम्ही कोठी, बरणी, जळक्या सुतळीचे तुकडे सगळं मांडलं आणि टीव्ही लावला. शेजारी ज्वालामुखी होता, त्यातून फेस यायचा, सगळी गर्दी तिकडे. परीक्षक आले, त्यांनी कॅसेट बघितली आणि म्हणाले, "हे टीव्हीवरचं आहे. खरं कशावरून?" मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "इथं करून दाखवता येईल?" तिथं उंच जागा नव्हती. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर ज्वालामुखीला.

परत येताना मैत्रीण धुमसत होती. सरांनी टेम्पो लेण्याद्रीकडे वळवला. पायऱ्या चढून गेलो. ती गणपतीला हात जोडून आली, मी दादांबरोबर चैत्याच्या गुंफेत बसून आले, आणि मग सगळे पायरीवर पुरी-भाजी खायला बसलो. सर म्हणाले, "त्यांनी चांगला प्रश्न विचारला. खरं कशावरून? विज्ञानात हाच विचारायचा असतो."

"मग उत्तर ऐकून तरी घ्यायचं ना!" मैत्रीण म्हणाली. सर म्हणाले, "हो. तेवढं त्यांचं चुकलं." मग ती जेवली.

फेब्रुवारीत खोडदला रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या बघायला जत्रेसारखी गर्दी होते, शाळांचे प्रयोगही मांडतात. आम्हीही गेलो. तिथं एक बाई आल्या, साध्या सलवार-कमीजमध्ये. त्या शास्त्रज्ञ आहेत हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी कॅसेट तीनदा बघितली, कोठीत डोकं घालून बघितलं, सुतळीचे तुकडे हातात घेतले. मला विचारलं, "तुझी ज्योत अजून जास्त वेळ पडत राहिली असती, तर जळत राहिली असती की विझली असती?"

मी विचार केला. गरम हवा वर जात नाही, म्हणजे खालून ताजी हवाही येत नाही. "विझेल वाटतं," मी म्हणाले. "पण तसं म्हटलं तर तो गोळा शेवटपर्यंत कमी झाला नव्हता. मला माहीत नाही."

"मलाही खात्रीनं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "लोक अजून त्यावर काम करतायत."

आपल्याला जे माहीत नाही ते एवढ्या मोठ्या माणसालाही नक्की माहीत नाही, आणि ते त्या हसत सांगतात, याचा मला इतका आनंद झाला की घरी आल्यावर मी आईला तेच सांगत बसले. आई म्हणाली, "मग त्यात नाचन्यासारखं काय?" मला समजावता येईना. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले आणि आता शिकवते, त्याची सुरुवात कुठं झाली असं कुणी विचारलं तर मी त्या बाईंचं वाक्य सांगते.

दहावीनंतरही प्रयोग थांबले नाहीत. सरांची बदली आंबेगाव तालुक्यात झाली, घोडेगावच्या पलीकडे डोंगरातल्या शाळेवर, तरी ते हिवाळ्यात एकदा जीप भरून मुलं घेऊन आमच्या टाकीवर यायचे. कुणी तेल आणि पाणी एकत्र पाडलं, कुणी ताणकाट्याला वजन लावून पाडलं, कुणी साबणाचा फेस. माझी मैत्रीण लग्न होऊन मंचरला गेली होती, तिथं सासरचंही भांड्यांचंच दुकान. ती हमखास यायची, नवी कोठी घेऊन. दादा टाकीखाली उभं राहून सूचना द्यायचे, "लांब व्हा, गादीपासनं लांब व्हा," आणि पडायच्या आधी मोठ्यानं "सुटलं!" म्हणायचे.

एका वर्षी एका मुलानं बेडूक आणला होता. दादांनी आणि माझ्या मैत्रिणीनं एकाच वेळी "न्हाई" म्हटलं. दादा म्हणाले, "जीव असल्यालं काय बी ह्या टाकीवरनं पडनार न्हाई." बेडूक ओढ्यात सोडून दिला. तेव्हा डोंगरातल्या शाळेची एक मुलगी हळूच म्हणाली, "मंग जीवाला कसं वाटतं ते कसं कळायचं?"

सर म्हणाले, "चांगला प्रश्न. बघू या." पण त्या दिवशी त्यावर काही सुचलं नाही.

दादांच्या मनात मात्र तो राहिला असावा. पुढच्या उन्हाळ्यात मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. मैत्रीणही माहेरी आली होती, आणि भेटायला म्हणून आमच्याकडे आली. दुपारी दादा म्हणाले, "चला, हिरीवर जाऊ." गावची जुनी विहीर. टाकी झाल्यापासून तिचं पाणी पिण्याला घेत नाहीत, पोरं पोहायला शिकतात तिथं. माझ्या आज्यानं धम्म घेतला त्याच्या आधीच्या काळात आमची माणसं ह्या विहिरीपासून लांब उभी राहायची आणि कुणी वरून घागरीत ओतेल त्याची वाट बघायची. हे दादांनी मला लहानपणी एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी शर्ट काढून माझ्याकडे दिला, पिशवीतून भोक पाडलेली बाटली काढली, विहिरीत उतरून ती भरून आणली आणि काठावर उभे राहिले. बाटलीतून धार लागली होती.

"अहो, ह्या वयात?" आई म्हणाली.

"सुटलं!" दादा ओरडले आणि बाटली डोळ्यांसमोर धरून त्यांनी उडी मारली.

पाणी उसळलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. दादा बराच वेळ वर येईनात, आई पायऱ्या उतरायला लागली, तेवढ्यात त्यांचं डोकं वर आलं. ते हसत होते. मी त्यांना असं तोंडभर हसताना क्वचितच पाहिलंय.

"थांबली!" ते खालून ओरडले. "धार थांबली, मी सवता बगितली!"

"पण वाटलं कसं, काका?" मैत्रिणीनं काठावरून विचारलं. "त्या मुलीला काय सांगायचं?"

दादांनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि विचार केला. "मधी काय बी वाटलं न्हाई," ते म्हणाले. "आन् त्येच लई ब्येस वाटलं."

आई पायरीवर बसून हसायला लागली. दादा पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत होते. मी शर्ट पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. येतानाच पुन्हा भरून आणलेली बाटली वर धरली आणि म्हणाले, "एकदा अजून."